नॅनो औषध आणि रायझोबियम एकाच बियाण्याला चालतं का?

शिवारातला

नमस्कार मंडळी. शेतीच्या विभागात आजवर नुसता वाचक होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

औसा तालुक्यात आमचं सोयाबीन असतं, आंतरपीक तूर. जमीन भारी, काळी. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) चोळायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. यंदा दुकानात युरियाच्या गोणीबरोबर दोन बाटल्या गळ्यात मारल्या. एक नॅनो झिंकची. दुसरीवर नुसतं ‘नॅनो सिल्व्हर, सर्व रोगांवर उपयुक्त’. दुकानदार म्हणाला, फवारा नाहीतर बियाण्याला चोळा, काही फरक पडत नाही.

आता माझी शंका. चांदी जिवाणू मारते म्हणून तर मोज्यांत घालतात. मग मी पैसे देऊन आणलेला रायझोबियम ती सोडेल का? आणि इतके बारीक कण मातीत गेल्यावर पुढं त्यांचं होतं काय? नेटवर निम्मे लोक म्हणतात क्रांती, निम्मे म्हणतात विष. इथं जाणकार आहेत म्हणून विचारतो.

टवाळभाऊ

‘सर्व रोगांवर उपयुक्त’ असेल तर आमच्या सासरेबुवांच्या गुडघ्यालाही चालेल. दुकानाचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

मातीवेडी

शिवारातला भाऊ, शंका अगदी बरोबर आहे. कृषी महाविद्यालयात मी बरीच वर्षं मृदा सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच सांगते.

पहिली गोष्ट. नॅनो म्हणजे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचा कण. साधारण जिवाणू हजार-दोन हजार नॅनोमीटर लांब असतो, म्हणजे हा कण त्याच्यापुढे फारच लहान. पण मातीला नॅनोकण नवे नाहीत. तुमच्या काळ्या जमिनीतल्या चिकणमातीचा एकेक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा असतो, लोहाची ऑक्साइडंही तितकीच बारीक. त्यामुळे ‘नॅनो आहे म्हणून विषारी’ हे जितकं पोकळ, तितकंच ‘नॅनो आहे म्हणून सुरक्षित’ हेही पोकळ. कण कशाचा आहे आणि मातीत तो विरघळतो का, हे आधी बघायचं.

चांदीचा कण स्वतः फारसं काही करत नाही. त्याच्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन सुटतात, ते जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकाला जाऊन चिकटतात आणि त्याची यंत्रणा बंद पाडतात. कण जितका बारीक तितकं त्याच वजनाचं पृष्ठफळ जास्त, म्हणून आयनही झपाट्याने सुटतात. मातीतल्या सगळ्या जिवाणूंना सारखा फटका बसत नाही. अमोनियाचं नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनासच्या जातीचे जिवाणू हळू वाढतात आणि चांदीला लवकर बळी पडतात. कुजवणारे बरेचसे तग धरतात.

झिंक ऑक्साइडचं तंत्र वेगळं. तो कण आम्लधर्मी पाण्यात विरघळून साधं जस्त होतो, आणि जस्त पिकालाही लागतं, जिवाणूंनाही. तुमच्याकडे सामू (पीएच) आठच्या आसपास असणार, चुनखडीही असेल. तिथे तो सावकाश विरघळतो, चिकणमातीला चिकटून गोळे होतात आणि नॅनोपण बरंचसं तिथेच संपतं. प्रयोगशाळेत नुसत्या पाण्यात घेतलेल्या चाचण्यांचे आकडे म्हणूनच मातीला लावता येत नाहीत.

आता तुमच्याच पिकाचा प्रयोग. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या गटाने २०१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. शेतातल्या खऱ्या मातीत सोयाबीन दाणे भरेपर्यंत वाढवलं, काही कुंड्यांत नॅनो झिंक ऑक्साइड, काहींत नॅनो सिरियम ऑक्साइड. झिंकच्या कुंड्यांत जस्त पानांत आणि दाण्यांतही चढलं, झाडांची वाढ मात्र खुंटली नाही. सिरियमच्या जास्त मात्रेला वरून झाड बऱ्यापैकी दिसत होतं, पण मुळांवरच्या गाठींत नत्र बांधण्याचं काम जवळजवळ ठप्प झालं होतं. गाठी होत्या, आत कामगार नव्हते. सिरियम तुमच्या बाटलीत नाही (ते डिझेलमध्ये मिसळतात, काचेला पॉलिश करायला वापरतात), पण वरून झाड बघून गाठींचा अंदाज लागत नाही, हे त्यातून घ्या.

कोरडवाहू

वाखुसा (वाचनखूण साठवली). ताई, ‘आत कामगार नव्हते’ हे फार आवडलं.

हिशेबी_कारकून

प्रतिसाद उत्तम, पण मात्रा सांगितल्याशिवाय अशा प्रयोगांना अर्थ नाही. वरच्या प्रयोगात झिंक ऑक्साइडची सर्वांत मोठी मात्रा किलोभर मातीला अर्धा ग्रॅम होती, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. एक एकराचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर वजनाने साधारण ९ लाख किलो. ती मात्रा शेतात आणायची तर एकरी ४५० किलो झिंक ऑक्साइड ओतावं लागेल. झिंक सल्फेटची आपल्याकडची शिफारस हेक्टरी २० ते २५ किलो, त्यात जस्त पाचएक किलो. बाटलीत असेल काही ग्रॅम.

चांदीचंही तेच. समजा बाटली अर्धा लिटरची आणि चांदी ५०० पीपीएम (लिटरला ५०० मिलिग्रॅम). म्हणजे पूर्ण बाटलीत पाव ग्रॅम. ९ लाख किलो मातीत पाव ग्रॅम! उगाच घाबरवू नका लोकांना.

मातीवेडी

कारकूनसाहेब, गणित बरोबर आहे, फक्त ते फवाऱ्याचं झालं. भाऊंचा प्रश्न बियाण्याला चोळण्याचा आहे. तुमचेच आकडे घेते. एकरी ३० किलो बियाणं, किलोला ५ मिली द्रावण, म्हणजे १५० मिली. त्यात चांदी ७५ मिलिग्रॅम. किलोभर बियाण्यावर अडीच मिलिग्रॅम, आणि तीही नुसत्या सालीवर, जिथे रायझोबियम बसलेला आहे तिथेच. शेताच्या सरासरीत ही चांदी कुठे दिसणारही नाही. रायझोबियम काही शेताच्या सरासरीत राहत नाही, तो त्या सालीवर राहतो. आणि जिवाणूसाठी ती ओल सुकेपर्यंतचा वेळ पुरेसा मोठा असतो.

बुरशीनाशकाच्या बाबतीत आपण हे पाळतोच ना? आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सर्वांत शेवटी जिवाणू संवर्धन, सावलीत सुकवून लगेच पेरणी. चांदी यांपैकी कुठल्याच पायरीत बसत नाही.

हिशेबी_कारकून

हा मुद्दा पटला. बियाण्याबाबत सहमत. फवाऱ्याबाबत माझं म्हणणं कायम.

मैलापाणी

पुण्यात सांडपाणी शुद्धीकरणाचं काम करतो. शेतीतलं फारसं कळत नाही, पण चांदीचा प्रवास आमच्या अंगणातून जातो म्हणून लिहितो.

मोज्यांतली, वॉशिंग मशीनमधली चांदी धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात येते. प्रकल्पात प्राणवायू नसलेल्या टाकीत तिला भरपूर गंधक भेटतं आणि बहुतेक चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं. ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून विषारीपणाही पुष्कळ कमी होतो. घरातले चांदीचे दिवे काळे पडतात तीच क्रिया. ही चांदी बाहेर पडणाऱ्या पाण्यात फारशी जात नाही, गाळात बसते. सनस्क्रीन आणि रंगांतलं टायटॅनियम डायऑक्साइडही गाळातच. तो गाळ वाळवून खत म्हणून शेतात जातो. अमेरिकेत तर ही जुनी, कायद्याने चालणारी पद्धत आहे.

म्हणजे सगळं आलबेल? नाही. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक विद्यापीठाच्या लोकांनी उघड्यावर मातीच्या पेट्या ठेवून प्रयोग केला, २०१३ चा आहे. गाळाबरोबर नॅनो चांदी मिसळली, किलोभर मातीला फक्त ०.१४ मिलिग्रॅम. कारकूनसाहेबांच्या हिशेबाने एकरी सव्वाशे ग्रॅम, एवढीच. नुसता गाळ घातलेल्या पेट्यांच्या तुलनेत मातीतल्या जिवाणूंचं एकूण वजन ३५ टक्क्यांनी घटलं. लावलेल्या वनस्पतींपैकी एका गवताची वाढ ३२ टक्क्यांनी कमी झाली, बाकीच्यांना विशेष काही झालं नाही. आठव्या दिवशी त्या पेट्यांतून नायट्रस ऑक्साइड साडेचार पट सुटत होता. हा वायू हवामान तापवतो हे एक, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने ते हवेत चाललेलं नत्र आहे.

मातीवेडी

मैलापाणी, छान लिहिलंत. जोड देते. २०१५ च्या एका अमेरिकी प्रयोगात नॅनो चांदी, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेला गाळ मातीत मुरू दिला आणि त्यात मेडिकॅगो लावलं, आपल्या लसूणघासाची भावकी. शेजारी तेच धातू, पण नॅनो नसलेल्या रूपात दिलेला गाळ. नॅनोच्या गाळात गाठी कमी आल्या आणि झाडात जस्त जास्त चढलं. धातू तोच, रूप वेगळं, आणि परिणाम वेगळा. कडधान्याच्या गाठींवर घाव बसल्याचं वेगवेगळ्या प्रयोगांत पुन्हा दिसतं, म्हणून सोयाबीन-तुरीच्या शेतकऱ्याने अशी शंका विचारली याचं मला बरं वाटलं. गाठ बसणं म्हणजे मूळ आणि जिवाणू यांच्यात रासायनिक निरोपांची लांबलचक देवाणघेवाण असते, त्यात मध्येच कुठेही खोडा पडू शकतो.

खतदुकान

दुकानदारांना सगळे शिव्या घालताय म्हणून लिहितो. माझंही कृषी सेवा केंद्र आहे. वरून माल येतानाच बाटल्या जोडून येतात. गोण्या पाहिजेत तर एवढ्या बाटल्या उचला. आम्ही त्या घरी नेऊन प्यायच्या का? लिंकिंग आम्हालाही नकोय.

आणि सगळं नॅनो एका माळेत ओवू नका. नॅनो युरिया मी विकतो, फवारल्यावर पीक हिरवं होतं हे गिऱ्हाईक स्वतः सांगतं. तो बनवणाऱ्या इफ्को या सहकारी संस्थेने ९४ पिकांवर, ११ हजार शेतांत चाचण्या घेऊन सरासरी ८ टक्के उत्पादनवाढ सांगितली आहे.

टवाळभाऊ

आला, आला, नॅनो युरिया आला. पॉपकॉर्न संपलं होतं, पुन्हा लावलं.

हिशेबी_कारकून

खतदुकान, तुमच्या अडचणीशी सहमत, पण आकड्यांशी नाही. २०२१ मध्ये नॅनो युरिया आला तेव्हा त्यात नत्र ४ टक्के होतं. ५०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्क्यांनी २० किलो ७०० ग्रॅम नत्र. ‘एक बाटली म्हणजे एक गोणी’ म्हणताना हजारपट फरक भरून काढायचा आहे. गोणीतलं बरंच नत्र वाया जातं हे मान्य. अर्धं गेलं, दोन तृतीयांश गेलं, तरी सात किलो उरतंच. पानातून शिरलेला एकूण एक ग्रॅम झाडाने वापरला तरी २० ग्रॅमचे २० ग्रॅमच.

लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं चाचणी घेतली. शिफारशीचं नत्र कमी करून नॅनो युरिया फवारला तर गव्हाचं उत्पादन २१.६ टक्के आणि भाताचं १३ टक्के घटलं, दाण्यातलं नत्रही उतरलं. २०२३ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी ‘प्लांट अँड सॉइल’ या नियतकालिकात या उत्पादनामागच्या विज्ञानावरच जाहीर शंका घेतली. पुढे कंपनीने नत्राचं प्रमाण वाढवून नवी बाटली आणली, ती वेगळी.

मातीवेडी

मातीच्या बाजूने बघितलं तर नॅनो युरियाची मला काळजी वाटत नाही. युरिया पाण्यात सहज विरघळतो, मातीतलं युरिएज विकर त्याचे अमोनिया आणि कर्बवायू करून टाकतं, मागे काही उरत नाही. तिथे वाद खिशाचा आहे आणि पिकाच्या उपासमारीचा आहे. चांदी, तांबं, जस्त, टायटॅनियम यांचं विघटन होत नाही. रूप बदलेल, पण मूलद्रव्य शेतातच राहणार. म्हणून खतदुकान यांच्या एका वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे, सगळं नॅनो एका माळेत ओवू नका.

संपादक

नॅनो युरियावर आधीच तीन धागे आहेत, कृपया ती चर्चा तिकडे. इथे माती, जिवाणू आणि पीक एवढंच ठेवू.

बागवाला

द्राक्षाचा अनुभव सांगतो, नाशिक जिल्हा. धातू शेतातच राहतो हे आमच्याइतकं कुणाला कळणार! मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये द्राक्षासाठीच निघालं आणि तेव्हापासून तिथल्या बागांच्या मातीत तांबं साठत गेलंय. युरोपात आता सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची कमाल मर्यादा आहे. आमच्याकडे पावसाळी छाटणीनंतर कोण मोजतं! आता नॅनो कॉपर येतंय, तर विक्रेते सांगतात की तांबं कमी लागतं म्हणून माती वाचते. हे खरं मानायचं का?

मातीवेडी

तत्त्वतः खरं असू शकतं. खरोखर दहावा हिस्सा तांब्यात तेवढाच डावणी रोग आटोक्यात आला तर मातीचा फायदाच आहे, आणि नॅनोचा मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा उपयोग हाच. अट एकच, जुनं बोर्डो थांबवून हे वापरायला हवं. जुनं चालू ठेवून वर हे मारलं तर बेरीजच होणार. विक्रेत्याला बाटलीतल्या तांब्याचं ग्रॅममध्ये प्रमाण विचारा आणि एकरी बेरीज वहीत मांडा. दर दोन-तीन वर्षांनी माती परीक्षणात तांबं तपासून घ्या, सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या तपासणीत ते येतंच.

लाल_माती

सावंतवाडीकडचा आहे. ताई, तुम्ही काळ्या जमिनीचं लिहिलंत. आमची जांभ्याची, सामू साडेपाच. भाताला जस्त कमी पडतं म्हणून मीही नॅनो झिंक घेणार होतो. मग आमच्याकडे उलटं होणार का?

मातीवेडी

हो, तुमच्याकडे झिंक ऑक्साइड लवकर विरघळणार. शिफारशीच्या मात्रेत ते चांगलंच, जस्त पिकाला लगेच मिळतं. पण मात्रा चुकली तर अपायही लवकर होईल, कारण आम्ल जमिनीत जस्त मोकळं राहतं. काळी जमीन चुका पोटात घालते, जांभा घालत नाही. भाताची खाचरं पाण्याखाली असताना सामू वर सरकतो आणि गंधकाचं सल्फाइड होतं, त्यामुळे तिथलं गणित आणखी बदलतं. आधी माती तपासा. जस्त खरंच कमी असेल तर साधं झिंक सल्फेट स्वस्त पडतं आणि त्याच्या शिफारशी तुमच्या भागासाठी तयार आहेत. गोव्यातल्या खाजण जमिनींना मात्र यातलं काहीच जसंच्या तसं लावू नका, तिथे क्षारांचा वेगळाच कारभार.

शिवारातला

सगळ्यांचे आभार. घरच्यांना वाचून दाखवलं, वडील म्हणाले आम्ही आधीच सांगत होतो. (त्यांनी काहीही सांगितलं नव्हतं.)

बियाण्याला चांदी लावणार नाही हे नक्की. पण मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. चार ओळींत बाटली लावून आणि चार ओळींत न लावता पेरलं तर फरक दिसेल का?

मातीवेडी

जरूर करा, पण एक अडचण आहे. ज्या वावरात वर्षानुवर्षं सोयाबीन होतंय तिथे मातीतच त्याचा रायझोबियम मुरलेला असतो. सालीवरचा मेला तरी मातीतला गाठी करेल आणि तुम्हाला वाटेल चांदीने काहीच झालं नाही. त्यामुळे तुकडा असा निवडा जिथे सोयाबीन कधी घेतलेलं नाही, जुना उसाचा फड वगैरे. तिथे तीन पट्टे करा. एकात नुसतं बियाणं, दुसऱ्यात रायझोबियम, तिसऱ्यात चांदी अधिक रायझोबियम. खत तिन्हींना सारखं, आणि वरून युरिया देऊ नका, कारण आयतं नत्र मिळालं की झाड गाठी करायचा आळस करतं. पाणी साचणारी जागा टाळा.

फुलोऱ्याच्या सुमारास, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, प्रत्येक पट्ट्यातली दहा झाडं कुदळीने मातीच्या ढेकळासकट काढा. उपटू नका, गाठी जमिनीतच तुटून राहतात. मुळं बादलीत धुवा, गाठी मोजा आणि ब्लेडने चिरा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र बांधणं चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ नुसती नावाला. रंग बघितल्याशिवाय नुसत्या मोजणीवर जाऊ नका.

तुरीचा रायझोबियम वेगळ्या गटाचा असतो, ती या प्रयोगात धरू नका.

खतदुकान

लिंकिंगबद्दल एवढंच सांगतो की पक्की पावती मागा, त्यावर दोन्ही बाटल्या लिहून घ्या आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार द्या. पावती नसेल तर कुणीच काही करू शकत नाही. आणि रोगावर म्हणून विकलेल्या बाटलीवर कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण लागतो. नसेल तर ती घेऊच नका, मीही ठेवत नाही. नॅनो शेतीमालाचं मूल्यमापन कसं करायचं याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये काढली आहेत, आमच्या संघटनेच्या बैठकीत ती वाटली होती. त्यात मातीतल्या जिवांवरच्या चाचण्याही येतात. कंपनीच्या माणसाला त्या चाचणीचा कागद मागितला की तो लगेच विषय बदलतो, हा माझा अनुभव.

टवाळभाऊ

खतदुकान, तुम्ही आमच्या गावात दुकान काढा. सासरेबुवा पहिलं गिऱ्हाईक.

कोरडवाहू

अवांतर: आमच्याकडे गांडूळखताचे बेड आहेत. चांदीचा पंप धुतलेलं पाणी चुकून तिकडे गेलं तर?

मातीवेडी

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. बेडमध्ये आपण जे वापरतो तेच आयसेनिया फेटिडा गांडूळ घेऊन अमेरिकेत २०११ मध्ये चाचणी झाली. अर्धी माती साधी, अर्धी नॅनो चांदीची, आणि गांडुळं मधोमध सोडली. दोन दिवसांत ती चांदीची बाजू सोडून साध्या बाजूला गेली. तुमच्या बेडमध्ये त्यांना जायला दुसरी बाजू नाही. पंप धुतलेलं पाणी बेडवर नको, शेततळ्यात आणि विहिरीजवळही नको. बांधावरच्या पडीक जागेत एक खड्डा ठरवून ठेवा.

शिवारातला

ताई, पंचेचाळीस दिवसांनी गाठींचे फोटो इथंच टाकतो. उसाचा फड धाकट्या चुलत्याचा आहे, त्याला तयार करायचं काम बाकी आहे. तो आधी विचारणार, मला काय मिळणार.